धड, मानवी : अस्थी व स्नायू

डोके, मान व हातपाय वगळता उरणाऱ्या शरीराच्या मधल्या भागाला धड म्हणतात. वक्ष (छाती), उदर (पोट) व श्रोणी (कमरेच्या हाडांनी वेढलेला तळचा भाग) असे त्याचे तीन विभाग आहेत. मागील बाजूस कशेरुक दंड (पाठीचा कणा), वरच्या भागात बरगड्या व उरोस्थी (छातीच्या मध्यभागी असलेले चपटे हाड) यांचा पिंजरा आणि या सर्वांना जोडणारे व वेढणारे स्नायू अशी त्याची रचना असते. मानेतील मणके धडात मोडत नसले, तरी कणा अखंड असल्यामुळे त्यांचाही विचार येथे केला आहे.

धडाला परस्परविरोधी कामे एकाच वेळी करावी लागतात. मेरुरज्जू (कण्याच्या पोकळीतील मज्जातंतूंचा दोर), हृदय व फुप्फुसे यांच्या रक्षणासाठी ते कठीण हवे. पण वाकणे, वळणे व श्वास घेणे यांसाठी ते हलते हवे. डोके, हात व उचललेले ओझे यांचा भार पेलण्यासाठी ते स्थिर हवे. पण चालताना बसणारे धक्के जिरवण्यासाठी ते लवचिकही हवे. धडातील प्रत्येक हाडाचा आकार व प्रत्येक स्नायूची दिशा ही या दोन गरजांमध्ये साधलेली तडजोड आहे आणि धडाचे बरेचसे विकार ही तडजोड जेथे ढळते तेथेच उद्‌भवतात. तिची खरी कसोटी श्रमात व व्यायामात लागते. म्हणून रचनेच्या वर्णनानंतर नासिक जिल्ह्यातील मल्लखांब, शेतीकाम व हमाली यांची उदाहरणे घेतली आहेत.

प्राचीन भारतीय माहिती : चरकसंहितेत शरीरातील हाडांची संख्या ३६०, तर सुश्रुतसंहितेत ३०० दिली आहे. सुश्रुतांच्या गणनेत श्रोणी, दोन्ही पार्श्वभाग (कुशी), पाठ व छाती यांत मिळून ११७ हाडे येतात. आधुनिक गणनेनुसार प्रौढ व्यक्तीचा कणा, बरगड्या व उरोस्थी मिळून सामान्यतः ५१ हाडे भरतात. हा फरक मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतील आहे. चरकांनी २४ पर्शुका (बरगड्या), त्यांच्या २४ खोबणी (स्थालक) व खोबणींत बसणारे २४ उंचवटे (अर्बुद) स्वतंत्र मोजले. त्यामुळे बरगड्यांची संख्या ७२ झाली. बरगड्यांच्या २४ या मूळ संख्येत मात्र मतभेद नाही. नासिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोन्ही शाखा येतात. दोहोंच्या आरंभीच्या अभ्यासक्रमात शारीर हा विषय शवविच्छेदनासह शिकवला जातो.

कशेरुक दंड : बालवयात कण्यात सामान्यतः ३३ कशेरुक (मणके) असतात. त्यांपैकी ७ मानेत, १२ पाठीत (वक्षीय), ५ कमरेत (कटी), ५ त्रिकात आणि सामान्यतः ४ अनुत्रिकात (माकडहाडात) असतात. प्रौढपणी त्रिकातील पाच मणके सांधून एकच हाड बनते व माकडहाडाचेही तसेच होते. त्यामुळे हाडांची संख्या २६ वर येते. प्रौढ पुरुषाच्या कण्याची लांबी सु. ७० सेंमी. असते, स्त्रियांत ती काहीशी कमी असते.

नमुनेदार मणक्याचे दोन भाग पडतात. पुढचा जाड, दंडगोलाकार भाग म्हणजे काय (मणक्याचे शरीर) होय. तो भार वाहतो. मागचा भाग कमानीसारखा असून सर्व कमानी एकावर एक येऊन बनलेल्या नळीत मेरुरज्जू सुरक्षित राहतो. कमानीपासून दोन आडवे प्रवर्ध (पुढे आलेले भाग) व एक मागचा कंटक निघतो. पाठीवरून बोट फिरवले असता हाताला लागतात ते हे कंटक होत. स्नायू व अस्थिबंध (हाडे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या) या प्रवर्धांना चिकटतात आणि तरफेप्रमाणे त्यांचा उपयोग करतात. वरखालच्या मणक्यांच्या कमानी दोन लहान सांध्यांनी जोडलेल्या असतात. हे सांधे फारसा भार वाहत नाहीत. हालचाल कोणत्या दिशेने व्हावी, हे ते ठरवतात. कमरेत त्यांचे पृष्ठभाग जवळजवळ पुढून मागे उभे असल्याने पुढे-मागे वाकता येते, पण पीळ फारसा घेता येत नाही. पाठीत त्यांची ठेवण पीळ घेण्यास सोयीची असते, परंतु बरगड्यांमुळे त्यावर मर्यादा येते.

मानेतील पहिले दोन मणके वेगळ्या घडणीचे आहेत. पहिला (शिरोधर) कड्यासारखा असून त्यावर कवटी टेकते. होकारार्थी मान हलते ती मुख्यतः या सांध्यात. दुसऱ्या (अक्ष) मणक्यातून दातासारखा खुंट वर निघतो आणि त्याभोवती पहिला मणका फिरतो. मान डावी-उजवीकडे वळण्याची सु. निम्मी क्रिया या एकाच जोडीत घडते.

बाजूने पाहिल्यास कणा सरळ नसून त्याला चार बाक दिसतात. पाठ व त्रिक यांचे बाक जन्मतःच असतात. मूल मान धरू लागले की मानेचा आणि बसू-चालू लागले की कमरेचा, असे उलट दिशेचे दोन बाक तयार होतात. त्यामुळे शरीराचा भार पायांच्या रेषेत येतो व सरळ खांबापेक्षा धक्का अधिक चांगला जिरतो.

मेरुरज्जू संपूर्ण नळी भरत नाही. प्रौढांत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवर संपतो आणि त्याखाली केवळ तंत्रिकांचा (मज्जातंतूंचा) झुपका असतो. म्हणून तपासणीसाठी मेरुद्रव काढताना सुई सामान्यतः तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या कटी मणक्यांमधून घालतात. तेथे मेरुरज्जूला इजा होण्याचा धोका नसतो. मेरुरज्जूपासून तंत्रिकांच्या एकूण ३१ जोड्या निघतात.

आंतरकशेरुक चकत्या : पहिले दोन मणके व सांधलेला तळचा भाग सोडून लगतच्या मणक्यांमध्ये कूर्चामय (मऊ, लवचिक हाडासारख्या ऊतकाच्या) चकत्या असतात. अशा २३ चकत्या असून कण्याच्या लांबीचा सु. चौथा भाग त्यांनी व्यापलेला असतो. चकतीच्या मध्यभागी पाण्याचे प्रमाण भरपूर असलेला मऊ गर असतो व त्याभोवती तंतूंचे १५ ते २५ थर असतात. एका थरातील तंतू एका दिशेने तिरपे, तर पुढच्या थरातील विरुद्ध दिशेने तिरपे असतात. त्यामुळे पीळ कोणत्याही बाजूस पडला, तरी काही थर ताणले जाऊन त्याला रोखतात. दिवसभर उभे राहिल्याने गरातील पाणी दाबाखाली थोडे बाहेर पडते व उंची १ ते २ सेंमी. कमी होते, रात्री आडवे झाल्यावर ती भरून निघते. प्रौढ चकतीच्या आतील भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण लगतच्या हाडातून झिरपणाऱ्या द्रव्यांवर चालते, म्हणून तिची झीज सावकाश व अपुरी भरून येते.

छातीचा सांगाडा : बरगड्यांच्या १२ जोड्या मागे वक्षीय मणक्यांना सांध्यांनी जोडलेल्या असतात. पुढे वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला मिळतात. त्यांना सत्य पर्शुका म्हणतात. आठवी, नववी व दहावी या जोड्यांच्या कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडलेल्या असतात, तर शेवटच्या दोन जोड्यांची पुढची टोके मोकळीच असतात. उरोस्थीच्या वरच्या व मधल्या भागांच्या सांध्यावर त्वचेखाली एक आडवा उंचवटा लागतो. तेथे दुसरी बरगडी मिळते, म्हणून छाती तपासताना वैद्य बरगड्यांची मोजणी तेथून सुरू करतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एका खाचेतून रक्तवाहिन्या व तंत्रिका जातात. छातीत साचलेले पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलगत घालतात, ती यामुळेच.

श्वसनाची हालचाल : बरगड्या मागून पुढे उतरत्या असतात. श्वास घेताना वरच्या बरगड्यांची पुढची टोके हापशाच्या दांड्याप्रमाणे वर उचलली जातात व छातीची पुढे-मागे खोली वाढते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूंना उचलल्या जातात व रुंदी वाढते. मुख्य कार्य मात्र मध्यपटलाचे (छाती व पोट यांमधील घुमटाकार स्नायूचे) असते. आकुंचन पावताच हा घुमट खाली उतरतो व फुप्फुसांत हवा शिरते. शांत श्वसनात प्रौढ व्यक्ती एका वेळी सु. ५०० घ.सेंमी. हवा आत घेते. मध्यपटलाच्या तंत्रिका मानेतील तिसऱ्या ते पाचव्या तंत्रिकांपासून येतात. त्यामुळे मानेच्या खालच्या भागात मेरुरज्जूला इजा झाली, तर हातपाय लुळे पडूनही श्वास चालू राहू शकतो. इजा त्याहून वर झाल्यास तो बंद पडतो. तान्ह्या मुलांच्या बरगड्या बऱ्याचशा आडव्या असल्याने त्यांचे श्वसन पोटाच्या हालचालीने होताना दिसते.

धडाचे स्नायू : पाठीवरील वरच्या थराचे रुंद स्नायू प्रत्यक्षात खांदे व हात यांचे आहेत. त्यांच्याखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना त्रिकापासून कवटीपर्यंत उभे गेलेले स्नायू कणा ताठ ठेवतात. सर्वांत खोल थरात एका मणक्यापासून एक ते चार मणके ओलांडून जाणारे आखूड स्नायू असतात. त्यांचे बळ थोडे असले, तरी लगतच्या मणक्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम ते करतात.

पोटाच्या पुढील व बाजूच्या भिंतीत हाडाचा आधार नसतो. तेथे तीन सपाट स्नायू एकावर एक असतात. बाह्य तिरप्या स्नायूचे तंतू खिशात हात घालावा त्या दिशेने खाली व पुढे उतरतात, अंतःतिरप्या स्नायूचे त्यांना छेदून जातात आणि सर्वांत आतल्याचे आडवे असतात. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून श्रोणीपर्यंत जाणारे दोन उभे स्नायू असतात. बरगड्यांमधील आंतरपर्शुक स्नायूंचे थरही असेच एकमेकांना छेदतात. चकतीचे तंतू, बरगड्यांमधील स्नायू व पोटाची भिंत या तिन्ही ठिकाणी एकच योजना आढळते : पातळ थर, पण परस्परविरुद्ध दिशांचे. धड डावीकडे वळवताना उजवा बाह्य तिरपा व डावा अंतःतिरपा स्नायू एकत्र काम करतात. जांघेच्या वर या थरांतून वाट जाते; तेथे भिंत दुबळी राहते व अंतर्गळ (हर्निया) होण्याचा संभव असतो.

कणा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. स्नायू काढून टाकलेला कटिभागाचा कणा प्रयोगात सु. ९ किग्रॅ. भाराखालीच कलंडतो, असे आढळले आहे. जिवंत शरीरात तोच कणा त्याच्या कितीतरी पट भार सहन करतो, कारण डोलकाठीला चारही बाजूंनी ताणदोर असावेत तसे स्नायू त्याला तोलून धरतात. शिवाय जड वस्तू उचलताना श्वास रोखला जाऊन वर मध्यपटल, खाली श्रोणीचा तळ व भोवती पोटाची भिंत आवळली जाते आणि पोटातील दाब वाढून कण्याला पुढून आधार मिळतो. मराठीतील कंबर कसणे या वाक्प्रचारात हाच अनुभव साठवलेला दिसतो. श्वास दीर्घकाळ रोखल्यास मात्र रक्तदाब वाढतो.

ओझे व कणा : ओझ्याच्या वजनापेक्षा ते कण्यापासून किती दूर धरले आहे, याला अधिक महत्त्व असते. नासिक जिल्ह्यात टोमॅटोची विक्री २० किग्रॅ.च्या क्रेटच्या हिशेबाने होते. असा क्रेट कण्यापासून ४० सेंमी. अंतरावर धरला व पाठीच्या स्नायूंची ओढ कण्याच्या मध्यापासून ५ सेंमी. अंतरावर आहे असे मानले, तर तरफेच्या नियमानुसार स्नायूंना १६० किग्रॅ. इतकी ओढ द्यावी लागते. ओझे व ही ओढ दोन्ही मिळून चकतीवर दाब देतात. वाकलेल्या धडाच्या वजनाची त्यात आणखी भर पडते. तोच क्रेट २० सेंमी. अंतरावर, अंगाशी धरला, तर त्यासाठी लागणारी ओढ ८० किग्रॅ. होते. स्वीडनमधील अस्थिशल्यतज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात कमरेच्या तिसऱ्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभे असताना तो १०० मानल्यास उताणे निजल्यावर सु. २५, पुढे वाकल्यावर १५० व वाकून वजन उचलताना २२० भरला. बसलेल्या स्थितीतील दाबाबद्दल नंतरच्या मोजमापांत फरक आढळला. पुढे वाकल्याने दाब वाढतो, हा निष्कर्ष मात्र टिकून आहे.

मल्लखांब : खांबावर कसरत करून धड कमावण्याची पद्धत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख आहे. पेशवाईच्या अखेरीस तिचे पुनरुज्जीवन करण्याचे श्रेय निफाड तालुक्यातील कोठुरे गावच्या बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी वणीच्या सप्तशृंगी गडावर त्यांना या विद्येची स्फूर्ती झाली, अशी परंपरागत कथा आहे. नासिक शहरात यशवंत व्यायामशाळेसारख्या संस्थांनी ही परंपरा पुढे चालवली.

शारीराच्या दृष्टीने मल्लखांबाचे वैशिष्ट्य आधाराच्या जागेत आहे. नेहमीच्या कामात पाय जमिनीवर स्थिर असतात व धड त्यांवर हलते. मल्लखांबावर अढी घालून उलटे झाले की मांड्यांची पकड हा आधार बनतो आणि धड गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर उचलावे लागते. त्यामुळे पोटाचे उभे व तिरपे स्नायू आणि पाठीचे स्नायू आळीपाळीने पूर्ण ताकदीने वापरले जातात. खांबापासून धड आडवे तोलून धरण्याच्या प्रकारांत तर पुढच्या व मागच्या स्नायूंना एकाच वेळी आकुंचन पावून कणा स्थिर ठेवावा लागतो. प्रतिपक्षाचा भार घेऊन वाकणाऱ्या व पिळणाऱ्या कुस्तीगिराला हीच तयारी हवी असते. मात्र वाढत्या वयात कमरेतून मागे वाकण्याचा अतिरेक झाल्यास कटी मणक्याच्या, विशेषतः पाचव्याच्या, कमानीला बारीक तडा जाऊ शकतो. कसरतपटू व वेगवान गोलंदाज यांतही तो आढळतो. टिकून राहणारे कंबरदुखीचे गाऱ्हाणे म्हणून दुर्लक्षू नये.

शेतीकाम व हमाली : व्यायामात धडाची स्थिती सतत बदलते, श्रमात ती तासन्‌तास एकच राहते आणि अपाय बहुधा तेथे सुरू होतो. कांद्याच्या रोपांची लागवड मजूर, त्यांतही मुख्यतः स्त्रिया, वाकून किंवा उकिडवे बसून करतात. कणा पुढे पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ सैल पडतात व भार अस्थिबंधांवर लटकतो. म्हणून या स्थितीत थकवा लगेच जाणवत नाही. पण अस्थिबंध हळूहळू ताणले जातात व त्यांना पूर्ववत होण्यास वेळ लागतो. बराच वेळ वाकून राहिल्यावर लगेच जड पाटी उचलणे यामुळे धोक्याचे ठरते. अधूनमधून उभे राहून कंबर हलकेच मागे नेणे हा साधा उपाय उपयुक्त आहे.

द्राक्षबागेत याच्या उलट स्थिती असते. मांडवाखाली छाटणी, घडांची विरळणी इ. कामे हात वर व मान मागे करून करावी लागतात. मान मागे गेली की मानेतील मणक्यांमधून तंत्रिका बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होतात. झीज झालेल्या मानेत त्यामुळे तंत्रिका दाबली जाऊन खांद्यापासून बोटांपर्यंत कळ व मुंग्या येतात.

लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारपेठांत हमाल पोती पाठीवर वाहतात. दुसऱ्यांनी उचलून पाठीवर दिलेले पोते कण्याच्या जवळ राहते. एकट्याने जमिनीवरून उचललेले तेवढेच पोते कण्याला अनेक पटींनी जड जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने नेहमी हातांनी वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किग्रॅ. सुचवली. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

विकार : चकतीच्या तंतुमय थरांना चीर पडून गर मागे सरकला, तर तो तंत्रिकेवर दाब देतो व नितंबापासून पायापर्यंत कळ जाते. कमरेत असे बहुतेक प्रसंग शेवटच्या दोन चकत्यांत घडतात, कारण हलता कणा व स्थिर त्रिक यांच्या सांध्यावरच भार एकवटतो. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. साध्या कंबरदुखीत दीर्घकाळ पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणे हितावह असते. मात्र लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरता किंवा पायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मणक्यांचा क्षय भारतात अद्याप आढळतो. इंग्रज शल्यतज्ञ पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले. मणक्याची पुढची बाजू कुजून ढासळल्याने पाठीला टोकदार कुबड येते. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप व वजन घटणे ही लक्षणे वेळीच ओळखून औषधोपचार पूर्ण केल्यास रोग बरा होतो व पक्षाघात टळतो. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, हाडे विरळ होऊन किरकोळ धक्क्यानेही मणके चेपले जातात व उंची घटते. बरगडी मोडल्यास तिला घट्ट पट्टा बांधण्याची रूढी आता त्याज्य ठरली आहे. पट्ट्याने वेदना कमी झाली, तरी श्वास उथळ होतो व फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून वेदनाशामक औषध देऊन खोल श्वास घेण्यास व खोकण्यास सांगतात. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवी, हा नेहमीचा नियम श्वसनासाठी सतत हलत्या राहणाऱ्या या पिंजऱ्याला लागू पडत नाही.